सर्वांत लहान रंगमंच कोणता?

पुढच्या पिढीच्या कन्सोलचा, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्राचा, विषय निघाला की हल्ली एक वाक्य हटकून ऐकू येतं: हातात धरायच्या यंत्रांमुळे सगळे गेम मागे राहणार. निमित्तंही तशीच आहेत. निन्टेन्डोचा स्विच २ जून २०२५ मध्ये आला आणि पहिल्या चार दिवसांत ३५ लाखांहून जास्त खपला. त्याच वर्षी ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्ट आणि असुसचा आरओजी एक्सबॉक्स ॲलाय आला. व्हॉल्व्हचा स्टीम डेक २०२२ पासून आहेच, आणि सोनी आपल्या पुढच्या मोठ्या कन्सोलच्या जोडीला एक हँडहेल्डही (हातात धरायचं यंत्र) आणणार अशी बोलवा आहे. मग तर्क असा केला जातो: दिंडी सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पावलाने सरकते, तसे गेमही सर्वांत दुबळ्या यंत्राच्या बेताने बनणार. दोनशे वॅट खाणारा कन्सोल विकत घेणाऱ्याने पंधरा वॅटसाठी बेतलेला गेम का खेळायचा?

याला जे उत्तर दिलं जातं तेही मला पटत नाही. उत्तर देणारे म्हणतात, हुशार प्रोग्रामर कशावरही काहीही चालवून दाखवतात, ज्यांना जमत नाही ते आळशी. दिवसाचे बारा-बारा तास एकेका मेगाबाइटशी झगडणाऱ्या माणसांना आळशी म्हणण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला? एका बाजूला ‘सगळं बुडालं’ आणि दुसऱ्या बाजूला ‘सगळं शक्य आहे’, यात मूळ प्रश्न राहूनच जातो: हँडहेल्डमध्ये नेमकं काय कमी पडतं, आणि त्यातलं कशाचं मोल गेमला मोजावं लागतं?

माझं मत आधीच सांगतो. मर्यादा आहे म्हणून गेमचं नुकसान होत नाही. ती उशिरा कळली किंवा चुकीच्या जागी आखली गेली, की होतं. वॅट कमी असणं पचवता येतं, मेमरी कमी असणं फार महागात पडतं. या दोहोंची गल्लत केल्यामुळे हा सगळा वाद भरकटला आहे.

गेल्या पावसाळ्यात डेक्कन क्वीनने मुंबईला जाताना हातातल्या यंत्रावर एक मोठा रोल-प्लेइंग गेम लावून बसलो होतो. सव्वासातला गाडी सुटली तेव्हा बॅटरी शंभर टक्के होती. गेममध्ये मी शहराच्या बाजारात शिरलो, चौकात माणसांची ही गर्दी, आणि पंखा असा घोंघावायला लागला की शेजारच्या काकांनी पेपर खाली ठेवून ‘तापलंय का हो ते?’ असं विचारलं. कर्जतला बॅटरी नऊ टक्क्यांवर आली होती. संध्याकाळी परतताना यंत्राला दहा वॅटचा लगाम घातला, सेकंदाला तीस फ्रेम्सची, म्हणजे तीस चित्रांची, मर्यादा लावली, सावल्या आणि गवत खालच्या पायरीवर आणलं. लोणावळा गेलं तरी पाव बॅटरी शिल्लक होती. खेळण्यातली मजा कुठेच कमी झाली नाही, फक्त एका जागी अडखळलो: त्याच बाजारात. तिथे तीसच्या बावीस-तेवीस फ्रेम्स व्हायच्या, आणि चित्राची कोणतीही सेटिंग खाली केली तरी तिथे फरक पडत नव्हता. सावल्या वाकल्या, गवत वाकलं, दूरच्या टेकड्या वाकल्या. बाजारातली गर्दी वाकली नाही.

हा अख्खा वाद त्या बाजारात सामावलेला आहे. पडद्यावर रंगवायचं काम ग्राफिक्स प्रोसेसरचं, आणि ते पिक्सेलच्या हिशोबाने कमीजास्त होतं. फोर-के पडद्यावर ८३ लाख पिक्सेल असतात, स्टीम डेकच्या पडद्यावर सव्वादहा लाखांच्या आसपास. म्हणजे रंगवायचं कामच आठपटीने कमी. त्यात वीज आणि वेग यांचं नातं सरळ रेषेत नसतं. चिपचा वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावा लागतो, आणि वीज खर्च होते ती व्होल्टेजच्या वर्गाने. शेवटचा थोडासा वेग मिळवायला सर्वांत जास्त वॅट जाळावे लागतात. सोनीने हे वीस वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. २००४ च्या पीएसपीचा प्रोसेसर ३३३ मेगाहर्ट्झला चालू शकत होता, पण बॅटरी टिकावी म्हणून गेमना २२२ च्याच मर्यादेत ठेवलं होतं, ती मर्यादा २००७ मध्ये उठली. तेव्हा दोनशे वॅट आणि पंधरा वॅट यांचा भागाकार करून ‘तेरापट दुबळं’ म्हणणं हे गणितच चुकीचं आहे. आणि मोठी बॅटरी घालून हा प्रश्न सुटेल असं वाटत असेल तर तेही नाही. वजन हातात धरायचं असतं, आणि विमानात आधी परवानगी न घेता शंभर वॅट-तासांपर्यंतचीच बॅटरी नेता येते. स्टीम डेकची पहिली बॅटरी चाळीस वॅट-तासांची होती. हे कुंपण निसर्गाने आणि सुरक्षिततेने घातलेलं आहे. कंपन्यांच्या चिकटपणाचा इथे संबंध नाही.

बाजारातली गर्दी मात्र मुख्य प्रोसेसरवर आणि मेमरीवर जगते. कोण कुठे चाललंय, कोणाला काय आठवतंय, कोणत्या दाराची कडी लागलीय, हा हिशोब पडदा लहान केला म्हणून लहान होत नाही. हँडहेल्डच्या विरोधकांचा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि तो मला मान्य आहे. त्यांचा पुरावाही खरा आहे. बाल्डर्स गेट ३ ऑगस्ट २०२३ मध्ये पीसीवर आला, सप्टेंबरात प्लेस्टेशन ५ वर. एक्सबॉक्सला मात्र डिसेंबर उजाडला, कारण मायक्रोसॉफ्टच्या स्वस्त सिरीज एस कन्सोलवर एकाच पडद्याचे दोन भाग करून दोघांनी खेळायची सोय काही केल्या बसत नव्हती. दोन खेळाडू शहराच्या दोन टोकांना गेले की दोन्ही टोकं एकदम मेमरीत हवीत, आणि सिरीज एसकडे मेमरी होती दहा गिगाबाइट, तीही सगळ्या कामांना मिळून. चीनच्या ब्लॅक मिथ: वुकाँगचं तसंच. तो २० ऑगस्ट २०२४ ला आला आणि एक्सबॉक्सवर पोचला बरोबर एक वर्षाने. त्याचे प्रमुख फेंग जी यांनी त्या दहा गिगाबाइटच्या अडचणीबद्दल उघडपणे लिहिलं होतं. आणि हॉगवर्ट्स लेगसी २०२३ च्या शेवटी चार गिगाबाइटच्या जुन्या स्विचवर आला तेव्हा किल्ला आणि गाव यांच्यामध्ये लोडिंगचा पडदा टाकावा लागला. इतरत्र खेळाडू त्या गावात चालत जात होता.

पण हे पुरावे नीट पाहिले तर ते काय सांगतात? सिरीज एस हा हँडहेल्ड नाहीच. भिंतीतल्या सॉकेटला जोडलेला, विजेची चणचण नसलेला कन्सोल आहे तो. तिथे अडचण वॅटची नव्हती, किंमत कमी ठेवायला मेमरी कापली त्याची होती. २०२५ च्या स्विच २ मध्ये, जो खरोखर हातात धरायचा आहे, बारा गिगाबाइट मेमरी आहे, म्हणजे त्या ‘मोठ्या’ कन्सोलपेक्षा दोन जास्त. स्टीम डेकमध्ये तर सोळा आहे. दुसरी गोष्ट, बाल्डर्स गेट ३ चा प्लेस्टेशनवरचा अवतार सिरीज एसमुळे तसूभरही लहान झाला नाही. उशीर झाला तो एक्सबॉक्सवाल्यांना, आणि तोही ‘दोन्ही कन्सोलवर सगळ्या सोयी सारख्याच हव्यात’ या मायक्रोसॉफ्टच्या नियमामुळे. तो नियम त्या गेमपुरता सैल केला आणि गेम आला. तो गेम बनवणाऱ्या लॅरियन स्टुडिओने पुढे एप्रिल २०२५ च्या आठव्या पॅचमध्ये (सुधारित आवृत्तीत) तीच दुभंगलेल्या पडद्याची सोय सिरीज एसवरही आणून दाखवली, आणि सप्टेंबरात स्टीम डेकसाठी खास वेगळी आवृत्ती काढली. हॉगवर्ट्सचा तो लोडिंगचा पडदाही स्विच २ वर गेला. दिंडीची उपमा इथे गळून पडते. मागे राहिलेला वारकरी मागून पोचला, बाकीचे त्याच्यासाठी थांबले नव्हते.

यावर एक खोल आक्षेप उरतो आणि त्याला बगल देणं बरोबर नाही. जे गेम कापले गेले ते आपल्याला दिसतात, पण जे सुचलेच नाहीत त्यांचं काय? लहान यंत्रही धरायचं आहे म्हणून पहिल्याच बैठकीत एखादी कल्पना सोडून दिली गेली असेल तर तिचा हिशोब कुठे लागणार? हे घडतं, आणि घडलेलं आहे. होरायझन फॉरबिडन वेस्ट २०२२ मध्ये प्लेस्टेशन ४ आणि ५ दोन्हींवर आला. त्याचं पुढचं प्रकरण, बर्निंग शोअर्स, २०२३ मध्ये फक्त प्लेस्टेशन ५ साठी काढलं, आणि त्यातल्या ढगांमधून उडताना जे दिसतं ते जुन्या यंत्राचं ओझं उतरवल्याशिवाय झालं नसतं. प्लेस्टेशन ४ ने काही वर्षं पाय धरून ठेवले होते, यात वाद नाही.

पण प्लेस्टेशन ४ आणि ५ यांच्यातला फरक प्रकाराचा होता. एकात फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क, दुसऱ्यात सेकंदाला साडेपाच गिगाबाइट वाचणारी एसएसडी. प्रोसेसरची जातच वेगळी. हार्ड डिस्कसाठी बांधलेलं जग एसएसडीचा पुरेपूर उपयोग करू शकत नाही, त्याचे रस्ते आणि दारं मुळातच वेगळ्या हिशोबाने आखलेली असतात. आजच्या हँडहेल्डचं तसं नाही. स्टीम डेकमध्ये प्लेस्टेशन ५ च्याच झेन २ घराण्याचा प्रोसेसर आहे, आठाऐवजी चार कोअरचा. ग्राफिक्स चिपही त्याच वंशातली. फरक मापाचा आहे. रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट २०२१ मध्ये आला तेव्हा एका जगातून दुसऱ्या जगात क्षणात उडी मारणारा तो खेळ प्लेस्टेशन ५ शिवाय होऊच शकला नसता असं सगळे म्हणत होते. जुन्या पिढीपुरतं ते खरंही होतं. दोन वर्षांनी तो पीसीवर आला आणि पहिल्याच दिवशी त्यावर स्टीम डेकसाठी योग्य असल्याचा शिक्का होता. ज्या गुणामुळे तो गेम नव्या पिढीचा ठरला तो गुण मुठीत मावणाऱ्या यंत्रातही होता, कारण तो वॅटवर अवलंबून नव्हता.

राहिला मुख्य प्रोसेसर. कमी ताकदीच्या प्रोसेसरवर जिवंत जग उभं राहत नाही, हे म्हणणाऱ्यांनी निन्टेन्डोच्या टिअर्स ऑफ द किंग्डम या गेमकडे पुन्हा एकदा बघावं. मे २०२३, यंत्र म्हणजे २०१७ चा जुना स्विच, त्यातली चिप २०१५ मध्ये जाहीर झालेली, मेमरी चार गिगाबाइट. त्यावर खेळाडू फळ्या, चाकं, पंखे जोडून गाड्या, होड्या, विमानं बांधतो आणि प्रत्येक जोड भौतिकशास्त्राला जुमानतो. काही ठिकाणी फ्रेम्स पडतात, ते मी झाकणार नाही. पण त्या वर्षी दहापट ताकदीच्या यंत्रांवर आलेल्या कोणत्या गेममध्ये वस्तूंशी इतकं मोकळेपणाने खेळता येत होतं? निन्टेन्डोने जागेवर उधळपट्टी केली नाही. पानांच्या शिरा रंगवल्या नाहीत, माणसांच्या कातडीवरची छिद्रं रंगवली नाहीत, आणि वाचलेला प्रत्येक मिलिसेकंद त्या चाकांना दिला.

याच्या उलट चित्र बघा. शहर उभारायचा गेम सिटीज: स्कायलाइन्स २ ऑक्टोबर २०२३ मध्ये फक्त पीसीवर आला. हँडहेल्ड नाही, कन्सोलसुद्धा नाही, त्याची आवृत्ती पुढे ढकललेली. म्हणजे विरोधकांच्या कल्पनेतली आदर्श स्थिती, पायात कोणाचीच बेडी नाही. तो गेम महागड्या ग्राफिक्स कार्डांवरही रडतखडत चालला. लोकांनी आत डोकावून पाहिलं तेव्हा आढळलं की आकाशातून मुंगीएवढ्या दिसणाऱ्या नागरिकांच्या तोंडात एकेक दात वेगळा घडवलेला होता, आणि ती माणसं दूर गेली तरी त्यांच्या जागी साधी आकृती येत नव्हती. अख्खं शहर चालवायचं म्हणून यंत्र थकत असेल असा आपला समज, आणि ते थकत होतं दात रंगवून. ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाइनचंही असंच. चांगल्या पीसीवरही सुरू व्हायला सहा-सहा मिनिटं लागत, आणि सात-आठ वर्षं सगळ्यांनी ते गुमान सोसलं. २०२१ मध्ये एका हौशी प्रोग्रामरने शोधून काढलं की दहा मेगाबाइटची एक यादी अत्यंत वेड्यावाकड्या पद्धतीने पुन्हापुन्हा वाचली जातेय. त्याच्या दुरुस्तीने वेळ सत्तर टक्क्यांनी घटला आणि गेमच्या कंपनीने, रॉकस्टारने, ती मान्य करून त्याला बक्षीस दिलं. ऐसपैस यंत्रावर अशा चुका वर्षानुवर्षं लपून राहतात. दहा वॅटच्या यंत्रावर त्या पहिल्या आठवड्यात उघड्या पडल्या असत्या.

मर्यादेतून घडलेल्या गोष्टींचा इतिहास गेमच्या क्षेत्रात इतका जुना आहे की त्याची नुसती आठवण काढली तरी पुरे. १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये शत्रू मरत जातील तसे उरलेले वेगाने धावतात. तो वेग प्रोसेसरवरचा भार हलका होण्यातून आला आणि गेमचे कर्ते तोमोहिरो निशिकादो यांनी तो तसाच ठेवला. निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी १९८९ मध्ये गेम बॉय घडवला तो मुरलेल्या तंत्राचा नव्या दिशेने वापर या तत्त्वावर: राखाडी-हिरवा चार छटांचा पडदा, चार पेन्सिल सेल, आणि तासन्‌तास खेळ. पुढच्या वर्षी आलेल्या सेगाच्या गेम गिअरला रंगीत, उजळ पडदा होता, पण सहा सेल तीन ते पाच तासांत संपत. लोकांनी काय निवडलं ते जगजाहीर आहे. सात वर्षांच्या त्या म्हाताऱ्या यंत्रावर १९९६ मध्ये पोकेमॉन आला, आणि त्यातली सर्वांत मोठी गंमत, एकमेकांशी प्राण्यांची अदलाबदल, दोन यंत्रांना जोडणाऱ्या एका वायरीतून सुचलेली होती.

पण इथे जपून बोललं पाहिजे. ‘अडचणीतूनच कला फुलते’ हे वाक्य ज्याला अडचण सोसावी लागत नाही त्याच्या तोंडी फार सहज येतं. प्रत्येक मर्यादेतून पोकेमॉन निघत नाही. बऱ्याच मर्यादांतून फक्त थकलेली माणसं आणि रखडलेले गेम निघतात. मग कोणती मर्यादा फळते आणि कोणती मारते?

व्यावसायिक मराठी नाटकाचा सेट दौऱ्यावर लागताना ज्यांनी पाहिलाय त्यांना याचं उत्तर लगेच समजेल. आज मुंबईत शिवाजी मंदिर, उद्या पुण्यात बालगंधर्व, परवा कोकणातलं एखादं तालुक्याचं नाट्यगृह. रंगमंचाची रुंदी, खोली, विंगेतली जागा रोज वेगळी. चांगला नेपथ्यकार पहिलं रेखाटन करतानाच विचारतो, यातला सर्वांत लहान रंगमंच कोणता? मग भिंतींचे फ्लॅट घडी होणारे, जिना दोन तुकड्यांत सुटणारा, मागची खिडकी गरज पडली तर गाळता येईल अशी. बॅकस्टेजची मुलं बसमधून सामान उतरवतात आणि दुपारपर्यंत तो वाडा उभा राहतो, बालगंधर्वला ऐसपैस, कोकणात जरा अंग चोरून, पण तोच वाडा. आणि ज्याने मोठ्या रंगमंचावर भलामोठा अखंड वाडा बांधला आणि दौऱ्याचा विचार नंतर केला, त्याच्यावर तालुक्याच्या गावी करवत चालवायची पाळी येते. मुंबईच्या प्रेक्षकाने पाहिलेला पहिला वाडा दौऱ्यामुळे लहान झालेला असतो का? चांगल्या नेपथ्यकाराचा तर नाहीच.

सायबरपंक २०७७ ही करवतीची गोष्ट आहे. डिसेंबर २०२० मध्ये तो प्लेस्टेशन ४ वर विकला गेला, पण तो त्या यंत्रासाठी घडवलेलाच नव्हता. यादीत त्या कन्सोलचं नाव होतं, रेखाटनात तो नव्हता. आठवड्याभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून घेतला आणि सहा महिने परत ठेवला नाही. तोच गेम, मधल्या वर्षांत आतून पुन्हा बांधलेला, जून २०२५ मध्ये स्विच २ वर पहिल्या दिवशी आला, विस्तारासकट, आणि हातात धरून नीट खेळता आला. मधल्या साडेचार वर्षांत यंत्रं सुधारली हे खरंच, एनव्हिडियाचं डीएलएसएस तंत्र कमी पिक्सेलमधून मोठं चित्र बांधून देतं हेही खरं. पण त्याहून मोठा फरक हा की या वेळी लहान रंगमंच मोजून घेतला होता.

विरोधकांचा आणखी एक मुद्दा मला अलीकडपर्यंत अडवत होता. किरणांचा माग काढून प्रकाश दाखवणारं रे ट्रेसिंग हे फक्त दिखाऊ तंत्र नाही. त्याने माणसांचे श्रम वाचतात. पूर्वी प्रत्येक खोलीतला प्रकाश आधी मोजून, ‘भाजून’ साठवावा लागे. भिंत हलवली की पुन्हा मोजणी. इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल किंवा डूम: द डार्क एजेस यांसारख्या गेमनी रे ट्रेसिंग सक्तीचं केलं ते याचसाठी. हँडहेल्डला ते झेपलं नाही तर स्टुडिओला प्रकाशाचं काम दोनदा करावं लागेल, आणि हा खर्च खरा आहे. पण स्टार वॉर्स आउटलॉज सप्टेंबर २०२५ मध्ये स्विच २ वर रे ट्रेसिंगच्या प्रकाशासकट आला. चित्र मऊ आहे, दूरचं झाड थोडं थरथरतं, पण प्रकाश दोनदा भाजावा लागला नाही. मग माझी शंका फिटली.

आणि मोठ्या कन्सोलवाल्यांनी थोडं स्वतःकडेही बघावं. ऑगस्ट २०२३ चा इमॉर्टल्स ऑफ अव्हियम कोणत्याही जुन्या पिढीसाठी किंवा हँडहेल्डसाठी काढलेला नव्हता. तो प्लेस्टेशन ५ वर आत ७२० रेषांचं चित्र काढून ते फोर-केपर्यंत ताणतो. फायनल फँटसी १६ वेगाच्या मोडमध्ये त्याच आकड्यापर्यंत उतरतो. म्हणजे दोनशे वॅट हाताशी असतानाही आपण हँडहेल्डच्या पडद्याएवढंच चित्र काढतोय, उरलेली ताकद दुसरीकडे जिरते. नव्या पिढीला मागे कोण खेचतंय हे शोधायचं तर हिशोबाच्या वह्या उघडा. जून २०२३ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयीन कागदपत्रांतून कळलं की द लास्ट ऑफ अस पार्ट २ ला सुमारे २२ कोटी डॉलर लागले आणि होरायझन फॉरबिडन वेस्टला २१.२ कोटी, पाच वर्षं, तीनशे माणसं. एवढा पैसा लावल्यावर कोणता स्टुडिओप्रमुख अनोळखी कल्पनेवर डाव लावेल? पहिल्याच बैठकीत सोडून दिलेल्या त्या कल्पना, ज्यांच्याबद्दल विरोधकांना आणि मलाही हळहळ वाटते, त्या मेगाहर्ट्झअभावी मेल्या की या आकड्यांच्या धास्तीने?

लहान स्टुडिओंवर चाचण्यांचा बोजा वाढतो, हे मात्र खरं. आणखी एक यंत्र म्हणजे आणखी काही महिने. पण त्याच लहान स्टुडिओंना हँडहेल्डने दारही उघडून दिलं. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी: ॲन एन्शंट एपिक ऑगस्ट २०२० मध्ये सर्वांत आधी आला तो स्विचवर, मोठ्या कन्सोलवर दोन महिन्यांनी. गंमत म्हणजे तेव्हा निन्टेन्डो भारतात आपले कन्सोल अधिकृतपणे विकत नव्हती. त्या गेममध्ये कथेचे भाग छायाबाहुल्यांतून सांगितले आहेत. चेहऱ्यावरचे हावभाव टिपायला मोठ्या स्टुडिओंसारखी यंत्रणा लागत नाही, आणि सिंधुदुर्गात पिंगुळीला चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पाहिलेल्या कोणालाही ते अनुकरण वाटणार नाही, आपलंच वाटेल. शिवाय लहान यंत्रासाठी घासूनपुसून केलेलं काम फक्त त्या यंत्रापाशी थांबत नाही. वसतिगृहात राहून जीटीएक्स १६५० या साध्या ग्राफिक्स चिपच्या जुन्या लॅपटॉपवर खेळणाऱ्या पोराला स्टीम डेकच्या कृपेने नवे गेम चालवता येतात. त्याच्यासाठी कोणी वेगळी आवृत्ती कधी काढली नसती.

म्हणून हँडहेल्ड नकोत, ही मागणी मला चुकीच्या दारावरची थाप वाटते. योग्य दार दुसरं आहे. २०२५ च्या अखेरपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी मेमरीचा बाजार शोषून घेतला आहे आणि भाव चढत चालले आहेत. पुढच्या पिढीची यंत्रं कोणत्या मेमरीने येणार हे ठरवणारे लोक अशा काळात कागदावर बसतील आणि हँडहेल्डमधून चार गिगाबाइट काढले तर किंमत किती खाली येते याचं गणित मांडतील. २०२० मध्ये सिरीज एसच्या बाबतीत ते गणित मांडलं गेलं, आणि बाल्डर्स गेट ३ च्या लोकांनी त्याची भरपाई दोन वर्षं केली. चिप लहान द्या, पडदा ७२० रेषांचा द्या, पंखा हळू फिरवा, त्यातून आम्ही आणि स्टुडिओ दोघंही वाट काढू. पण मेमरी मोठ्या कन्सोलच्या जवळपास ठेवा, तिचा आकडा पहिलं डेव्हलपमेंट किट (गेम घडवायला स्टुडिओंना मिळणारं यंत्र) हातात पडायच्या आधी स्टुडिओंना सांगा, आणि दोन्ही यंत्रांवर प्रत्येक सोय सारखीच हवी हा नियम पुन्हा आणू नका. खेळाडूंना आवाज उठवायचा असेल तर तो या तीन गोष्टींसाठी आणि आत्ता उठवावा. यंत्रं दुकानात आल्यावर त्या दहा गिगाबाइटचे बारा करता येत नाहीत.